लिलावात गेलेली खुर्ची

धारवाड, सोमवार, २३ नोव्हेंबर १९९८

प्रिय अण्णा आणि वहिनी यांस,

यमुनाचा ख्रिस्तात सलाम. अण्णांचा खोकला आणि वहिनींचे गुडघे कसे आहेत ते सविस्तर कळवावे. (नुसतं ‘ठीक’ लिहू नये. मिरजेहून धारवाडला पोचेपर्यंत त्या शब्दात काही उरत नाही.) माझी प्रकृती उत्तम. पाय चालत नाहीत, पण त्याला दोन वर्षं झाली, तेव्हा ती काही बातमी नव्हे.

मिरजेला कायमची कधी येतेस, असं तुम्ही विचारलंत. ट्रंक जवळजवळ भरून झाली होती. शाळेच्या पायऱ्यांवरून पडले तेव्हापासून आमच्या चर्चच्या मंडळीनं माझ्यावर प्रेमाचा असा मारा चालवला आहे की जीव नकोसा झाला. दर रविवारी पाळकसाहेब माझं नाव घेऊन पायांसाठी प्रार्थना करतात, आणि ‘आमेन’ झालं की सगळे माझ्या पायांकडे बघतात. (मीही बघते. न जाणो.) चाकाच्या खुर्चीसाठी देवळाच्या दाराशी उतार बांधला, तो इतका उभा की चढवायला चौघे लागतात आणि उतरताना देवच लागतो. एवढं सगळं केलं, पण महिला मंडळाच्या पाळीच्या फळ्यावरून माझं नाव पुसलं. वेदीवरची पितळी भांडी घासणं, फुलं लावणं, चहा करणं, या कामांत प्रत्येकीची पाळी येते, माझी येत नाही. तिला कशाला त्रास, असं म्हणाल्या. पंचवीस वर्षं त्या फळ्यावर माझं नाव होतं, अण्णा. तो त्रासच तर मला हवा होता.

तर काल सुगीचा सण झाला. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं ते वेदीपाशी आणून ठेवायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला मान म्हणून चौघांनी उचलून, बिशपसाहेब आले तर बसायला ठेवलेल्या लाल सोफ्यावर बसवलं. खुर्ची वाटेत येत होती, ती भोपळ्यांशेजारी लावली. रिकामी दिसली म्हणून कुणीतरी तिच्यावर पेरूंची टोपली ठेवली. लिलाव करणारे आमचे विठ्ठलराव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत. (आपल्याला डॉक्टरपेक्षा जास्त दिसतं, असं त्यांचं मत आहे.) त्यांनी आधी भोपळे विकले, मग एक कोंबडी, मग ‘पेरू, हातगाडीसकट’. काहींना वाटलं, मला नवी खुर्ची आली असेल. पुढच्या बाकावरच्या एका आजींना वाटलं, प्रार्थनेला फळ आलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या वेळी डोळे मिटून चिंतन करत होते. (वहिनी, हसू नका. सोफा मऊ होता.) कलघटगीच्या वेंकटेशनं हट्टानं बोली चढवत नेली आणि खुर्ची टेंपोत घालून तो गेलासुद्धा.

डोळे उघडले तेव्हा देवळात मी आणि एक न खपलेला भोपळा. बाहेर कपबश्या वाजत होत्या. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणी यमुनाक्काला बाहेर आणलं असेल. खरं सांगते अण्णा, तेव्हा मला हसू नाही आलं, रडूच आलं. मग चौथीच्या वर्गाला मारायचे तशी हाक मारली.

एकजण स्कूटरवरून टेंपोच्या मागे धावला. बाकीच्यांनी क्षमा मागितली, पाळकसाहेबांनी प्रार्थनेला हात जोडले. भडकली ती एकटी महिला मंडळाची हेमावती, आणि तीही माझ्यावर! (रागावली की ती कन्नड सोडून मराठीवर येते, म्हणजे मला नीट लागावं.) “पाय गेलेत, जीभ तर नाही ना गेली? खुर्ची विकली जाते आणि ही झोपा काढते! शनिवारी पितळेची पाळी तुझी, म्हणजे जागी राहशील. आणि उशीर केलास तर बघ!”

मला मात्र इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दोन वर्षांत कुणी मला रागावलंच नव्हतं. थोड्या वेळानं वेंकटेश आला, खुर्ची उतरवली आणि पेरूसुद्धा न घेता, एक शब्द न बोलता निघून गेला. मला ते जरा घुम्यासारखं वाटलं.

तेव्हा मिरजेचा बेत रद्द. शनिवारी मला काम आहे.

तुमची धाकटी,
यमुना

ता. क. वहिनी, चिंच पाठवू नये. पितळेला पुरेल इतकी इथे आहे.

ता. क. आणखी एक. खरं म्हणजे याच्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. तुमच्या माळ्यावर आपल्या अप्पांची चाकाची खुर्ची आहे, ती तेलपाणी करून रविवारच्या आत एस. टी.नं पाठवा. वेंकटेशला खुर्ची कशाला हवी होती ते आज सकाळी कळलं. त्याची आई, शांताबाई, सहा वर्षं अंथरुणावर आहे. आधी दर रविवारी कलघटगीहून पहिल्या बसनं यायची आणि माझ्याच बाकावर, माझ्या उजव्या हाताला बसायची. एका रविवारी ती आली नाही, मग पुढच्याही. मी एकदाही विचारलं नाही, अण्णा. मला वाटलं, दुसऱ्या कुणी विचारलं असेल.