दोन फिकट फाइली

१० नोव्हेंबर, सोमवार
ताईचा कॉम्प्युटर गेला. ती शब्दकोडी रचते, पेपरात रोज येतात. त्यांचा संग्रह शनिवारी छापखान्यात द्यायचाय. ताई रडकुंडीला आलेली. म्हटलं, बॅकअप आहे ना? नव्या मशिनवर मी चढवते, दुकानवाला कशाला? तिने विचारलं, तुला येतं? एवढा अविश्वास सख्ख्या बहिणीवर.

११ नोव्हेंबर
रिस्टोर झालं. सगळी कोडी जागेवर. डेस्कटॉपवर मात्र दोन फिकट फाइली उगवल्यात. दोघींचं नाव एकच, ‘डेस्कटॉप डॉट इनी’. ताईने विचारलं, या कोण? म्हटलं, असतात. मला माहीत नाही, पण ताईसमोर घाबरायचं नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळ
दोन्ही इन्या डिलीट केल्या. कॉम्प्युटर म्हणाला, ही सिस्टिमची फाइल आहे, विचार करा. विचार केला आणि येस दाबलं.

दुपार
परत आल्या. माहेरी जाऊन आल्यासारख्या.

संध्याकाळ
फोटोंमध्ये ‘थम्ब्स डॉट डीबी’ सापडली. म्हणजे टोळीच आहे. ताई म्हणाली, राहू दे गं, कुणाला खातायत? ताईचं हे असंच. भाडेकरू असो की झुरळ, राहू दे.

१३ नोव्हेंबर
ठराव: चिडायचं नाही, अभ्यास करायचा.
इंटरनेट म्हणतं, या फाइली आधीपासून असतातच, फक्त लपलेल्या. रिस्टोरनंतर ‘लपलेल्या दाखवा’ ही खूण चालू राहिली की दिसतात. खूण काढा, झालं.
एवढंच? छे. मुळापासून बंदोबस्त हवा.
प्रॉपर्टीजमध्ये ‘हिडन’ असा एक चौकोन आहे. एकेक फाइल निवडत कोण बसणार? सगळं एकदम निवडलं, टिक केलं. आतल्या फोल्डरांनाही लागू करू का, असं त्याने अदबीने विचारलं. म्हटलं, कर बाबा. मग ती दाखवायची खूणही काढली.
इन्या गायब. डेस्कटॉप पुसलेल्या पाटीसारखा लख्ख. आनंदाने खुर्चीसकट गोल फिरले.

१४ नोव्हेंबर
सकाळीच ताईचा फोन. कोडी कुठायत? म्हटलं, नीट बघ. म्हणाली, बघायला काही असेल तर बघेन ना.
धावत गेले. खरंच काही नाही. उद्या छापखाना. ताई ओरडली नाही, नुसती पलंगाच्या कडेला बसली. ते जास्त वाईट.
मी व्हायरसवर संशय घेतला. मग मशिनवर. ताई म्हणाली, काय काय दाबलंस ते पहिल्यापासून सांग. सांगितलं, थोडं गाळून. म्हणाली, गाळलेलं सांग. तेही सांगितलं.
तिने ‘लपलेल्या दाखवा’ चालू केलं. सगळी कोडी आली, तापातून उठलेल्या पोरांसारखी फिकट. टिक काढली तसा रंग आला. इन्याही आल्या. ताई त्यांना बघून पहिल्यांदा हसली. मला म्हणाली, तू हात मांडीवर ठेव.
थोडक्यात, माझ्याच पद्धतीने काम झालं. फक्त उलट क्रमाने.

१५ नोव्हेंबर
संग्रह छापखान्यात गेला. ताईने आयत्या वेळी एक नवं कोडं घातलंय, त्याची प्रत मला दिली. पहिलाच आडवा शब्द: न बोलावता मदतीला येते, तीन अक्षरी.
झटकन ‘तज्ज्ञ’ लिहिलं. एक घर उरलं.
ताई डोकावून म्हणाली, खोड ते, ‘बहीण’ आहे.
पण मी पेनने लिहिलंय.