दमट दिवसांचं ऊन

माटुंगा, २२ मे २०२४

ती. गणपतमामांस नूपुरचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि हे मोठ्याने बोलायची मला लाज वाटते, म्हणून पत्र.

माझ्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुम्ही मार्चपासून रोज दुपारी साडेबाराला चाळीचे चार जिने चढून गच्चीवरच्या मीटरवर उन्हाचा आकडा बघता. मार्चात तो नऊशेवर होता. एप्रिल सरता सरता सूर्य डोक्यावर आला, ढग एकही नाही, आणि तुम्ही लिहिलंत आठशे, पावणेआठशे. मला वाटलं, तुम्ही वर जातच नाही. तेच मी कालिंदीताईच्या साखरपुड्यात, पंगतीत बोलून दाखवलं, की मामा घरी बसून आकडे लिहितात. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात.

काल आमच्या बाईंनी दमटपणाचे आकडे तुम्ही पाठवलेल्या वहीशेजारी ठेवले. हवा जितकी दमट, तितका तुमचा आकडा खाली. बाई म्हणाल्या, हवेतली वाफ थोडं ऊन स्वतःच शोषून घेते, आणि ओलाव्याने फुगलेले धुळीचे कण आणखी थोडं विखरून टाकतात. म्हणून ढग नसतानाही आभाळ पांढुरकं दिसतं. तुम्ही खरं लिहिलं होतंत. मामा, माझं चुकलं.

एकच कळत नाही. साखरपुड्यानंतरही हवा तशीच दमट आहे, तरी तुमचे आकडे नऊशेवर गेलेत. मीटरची काच पुसलीत का?

लोभ मागायची आज हिंमत नाही. राहिला असेल तेवढा राहू द्या.

नूपुर


लालबाग, २५ मे

चि. नूपुर हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

काच मी पहिल्यापासून रोजच पुसतो गो. साखरपुड्यानंतरही एक दिवस चुकवला नाही. मीटर आठशेच्या खालीच दाखवायचं आणि मी वहीत नऊशे वीस, नऊशे चाळीस लिहायचो. खरं लिहून खोटा ठरलो, तर पोरीला हवं तेच लिहावं, असं मनात आलं. राग होता. त्या पंगतीत बसलेला शेजारचा जगदीशसुद्धा जिन्यात हसून विचारायचा, आज तरी खरंच चढलात का.

तीस वर्षं गिरणीत सूत तपासलं, कधी खोटी नोंद केली नाही. ती या वयात केली. खरे आकडे दुसरीकडे कुठेच लिहून ठेवलेले नाहीत. तुझी माफी वाचून जेवण गेलं नाही. ती पानं फाडून टाक.

मामावरची माया आटू देऊ नकोस.

गणपत


माटुंगा, २८ मे

ती. मामांस शि. सा. न.

पानं फाडली नाहीत. बाईंना सगळं सांगितलं आणि त्या दिवसांवर काट मारून खाली लिहिलं, की नोंद ठेवणाऱ्यावर मी खोटा आळ घेतला, म्हणून या दिवसांचे आकडे नाहीत. बाई म्हणाल्या, अहवालात एवढं लिहायची गरज नाही. मी ते खोडलं नाही.

काल कालिंदीताईच्या होणाऱ्या सासरी जाऊन सगळ्यांसमोर सांगून आले. पंगतीत जीभ किती सहज चालली होती, काल मात्र शब्द सापडेनात. आता जगदीशकाका तेवढे उरलेत.

रविवारी बाराच्या आत येते. आकडा तुम्ही वाचा, मी लिहीन.

तुमच्या मायेला आता तरी पात्र ठरावी, एवढीच इच्छा.

नूपुर