पत्राचा खेळ

पिंपळे गुरव,
मार्च १९५६

शेवंतीच्या वडिलांस,

नेहमीचा मायना आज हातून उतरत नाही, एवढ्यावरच भागवा.

इंदूरच्या गिरणीत जाताना तुम्हीच बजावलंत, "शाळा नदीपल्याड हाय, पोरीला घरीच शिकीव." मी शिकवलं. रडवून नाही, खेळवून. चिंचोके मांडून अक्षरं केली, पाटावर राख पसरून बाराखडी गिरवली. सगळ्यात लाडका खेळ तुमच्या पत्रांचा. पत्र आलं की शेवंती आजोबांची टोपी घालून ओट्यावर उभी राहायची आणि शेजारच्या बायकांपुढे मोठ्यानं वाचायची. तिच्याआधी मी उघडायचं नाही, हा तिचाच नियम. न अडखळता वाचलं की गुळाचा खडा.

गेल्या महिन्यातलं पत्रही तिनं तसंच वाचलं. "इकडे दुसरं घर मांडलं आहे. माझी वाट पाहू नये." अगदी खणखणीत. वाचून झाल्यावर सवयीनं हात पुढे केला, मग बायकांची तोंडं बघितली, माझं बघितलं. मी खडा दिला. नियम होता ना.

चार शब्द सुनवावेत म्हणून लिहायला बसले, पण हे पेटीत टाकणार नाही. तुमच्या त्या घरात ते कुणाला मोठ्यानं वाचायला लागेल, कुणी सांगावं?

काल तुमचं आणखी एक पत्र आलं. मी शेवंतीच्या हातात दिलं. तिनं पाकीट उलटंपालटं केलं. टोपी खुंटीवरच राहिली.

"आई," ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई."

सांगितल्या कामात कसूर न केलेली,
हौसा