क्रशरचे दात आणि तुमचे बाबा

ती. दादांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आपली व वहिनींची प्रकृती उत्तम असणारच (वडील आमच्याकडे पाठवल्यावर बिघडेल कशाला?). आमचे विचारू नका. पत्राचे कारण एकच: बाबांना न्यायला या, नाहीतर माझी नोकरी जाते.

माझे काम तुम्हाला ठाऊक आहे. खाणीतले कपाटाएवढे दगड पहिल्या क्रशरच्या तोंडात पडतात. आत दोन लोखंडी जबडे, एक ठाम उभा, दुसरा मागेपुढे हलणारा, दोन्हींवर दातेरी प्लेटा बसवलेल्या. वर रुंद, खाली अरुंद. दगड चेपतो, फुटतो, खाली घसरतो, पुन्हा चेपतो आणि नारळाएवढा होऊन पट्ट्यावर पडतो. पुढची खडीची यंत्रे त्याच्यावरच जगतात. नियम एवढाच, की तोंडात घास असताना क्रशर बंद करायचा नाही. केला तर सगळे उपसल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही.

मंगळवारी बाबा माझा डबा द्यायला म्हणून आले (डबा मी सकाळीच स्वतः भरून नेला होता). उभा जन्म लोकांचे दात काढण्यात गेलेला डॉक्टर. एवढा मोठा जबडा पाहून त्यांचे हात शिवशिवले. मी डंपरवाल्याशी हुज्जत घालत होतो, तेवढ्यात त्यांनी लाल बटण दाबले. का, तर चावणाऱ्याचे दात तपासता येत नाहीत म्हणे. मग दिवसभर आम्ही साखळीने एकेक धोंडा उपसतोय, ट्रकांची रांग फाटकाबाहेर, आणि सासरेबुवा कडेला उभे राहून आधी कोणता उपटायचा ते सांगताहेत. मालक तणतणत आले. मला घरी बसवणार, एवढ्यात बाबांनी रिकाम्या जबड्यात टॉर्च मारली आणि म्हणाले, "खालचे दात पार झिजलेत. प्लेटा उलट्या करून बसवा, वरचे चांगले दात खाली येतील."

दादा, हेच मी सहा महिने कंठशोष करून सांगतोय. माझे ऐकताना मालक फोन बघतात. बाबांचे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि स्वतःची दाढ दाखवायला तिथेच आ केला. मला मात्र शेवटची ताकीद मिळाली. तेव्हा रविवारी न चुकता या.

आपला पिचलेला मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवतानाच मालकांचा निरोप आला. प्लेटा उलटल्यापासून क्रशर झकास चालतोय, तरी बाबांनी रोज तपासणीला यावे, माझ्या केबिनमध्ये बसावे. (केबिनमध्ये खुर्ची एकच आहे.)

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द. बाबांना राहू द्या, मला न्यायला या. तुमच्या बहिणीला विचारले, तर म्हणाली, "खुशाल जा. बाबांचा डबा मी पोचवीन."