त्या बोलतस नही

३ फेब्रुवारी, सोमवार
पिंप्राळा. आजपासून रोज लिहायचं ठरवलं. पुढेमागे वेब डिझाइनवर पुस्तक काढायचं झालं तर कच्चा माल हवा.
धुळ्याच्या तोताराम नानांच्या मसाल्यांची वेबसाइट ही माझी आजवरची सगळ्यात मोठी कामगिरी. उघडली की आधी सागवानी दार. दारावर बोट ठेवलं की ते करकरतं आणि खुद्द नानांचा आवाज येतो: या, बसा, आपलंच दुकान शे. मग मिरच्यांचा पाऊस. मग मेनू. नाना डिसेंबरात वारले. आवाज राहिला. काम असं पाहिजे.

५ फेब्रुवारी
मृणालीला (बायको, बँकेत नोकरी) साइट दाखवली. तिला फोन नंबरच सापडेना. करड्यावर करडा आहे, बारीक आहे, सगळ्यात खाली आहे. याला एलिगन्स म्हणतात, हे समजावलं. ती म्हणाली, लोकांना मसाला हवाय. बँकवाल्यांशी डिझाइनवर बोलू नये.

११ फेब्रुवारी, दुपार
आकडे पाहिले. दार दिवसाला पन्नासेक वेळा उघडतं. सगळं धुळ्याच्या देवपुरातून. खोलात गेलो तर फोनही एकच. दार उघडायचं, आवाज ऐकायचा, मिरच्या पडायच्या आत बंद करायचं, परत उघडायचं. हीच ब्रँड लॉयल्टी. देवपूर जिंकलं.

१४ फेब्रुवारी
तपासायला मलाही ते दार सारखं उघडावं लागतं. खोलीत मी एकटा आणि नाना म्हणतात, या, बसा. आज उभा होतो, तो बसलो. घाबरण्याचा प्रश्नच नाही. खुर्ची तेवढी दरवाजाकडे तोंड करून घेतली. उजेड बरा येतो.

१७ फेब्रुवारी
सकाळी मोबाइलवर नाव झळकलं: तोताराम नाना. उचलला नाही. रेंज कमी असावी.
दुपारी परत. मृणालीने उचलून माझ्या कानाला लावला. नानांचा फोन आता त्यांच्या पत्नी बेबाबाई, म्हणजे अक्का, वापरतात. अक्का फक्त अहिराणी बोलतात. मला ती उत्तम येते. त्यांनी विचारलं, त्या रोज बोलतीन ना? त्या म्हणजे वेबसाइट. स्त्रीलिंगी, आणि वर आदरार्थी. म्हटलं, अक्का, जन्मभर बोलतील. वापरणाऱ्याने साइटला अहो-जाहो करावं, हे परदेशातही कुणाला जमलं नसेल.

२४ फेब्रुवारी
नानांचा मुलगा अमृत धुळ्याहून आला. साइटवरून आजवर एकही ऑर्डर नाही म्हणे. दोंडाईच्याच्या एका व्यापाऱ्याने, ज्याने नानांना खांदा दिला होता, दार उघडलं आणि हातातला फोन चहात पडला. तरी अमृतची मागणी एकच: नंबर मोठा कर. नाही म्हणालो. डिझाइनचा विचका होतो.
पण गिऱ्हाइकाचं ऐकावं, म्हणून थोडं वाचलं. साइट उघडताच वाजणारा आवाज ही मोठी चूक, असं सगळे जाणकार म्हणतात. मला आधीपासून वाटतच होतं.

२६ फेब्रुवारी
दार काढलं. आवाज काढला. फाइलही कायमची पुसली, साइट हलकी हवी. नंबर आहे तिथेच. खोलीत बरं वाटतंय. अर्थात हे सगळं वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी.

२७ फेब्रुवारी
सकाळपासून तोताराम नानांचे फोन. अक्का म्हणतात, त्या बोलतस नही. म्हटलं, साइट आता झटकन उघडते. त्यांचं तेच, त्या बोलतस नही. आपल्या हातून काही चुकलं का, असंही विचारलं. वापरणाऱ्याने स्वतःला दोष देणं बरं नव्हे. उद्या जाऊन नीट शिकवतो.

२८ फेब्रुवारी
देवपूर. अमृतने मला दुकानातच थांबवलं. आमच्याकडे जुनी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणाला. त्या म्हणते. अहिराणीत त्या म्हणजे ते. आवाज दुसरीकडे कुठे आहे का, असं त्याने विचारलं. माझ्या जुन्या मोबाइलमध्ये होता. तो मी दिवाळीत एक्सचेंजला दिला. अमृत म्हणाला, आईला तूच सांग.
आत गेलो. अक्कांनी फोन माझ्या हातात दिला, कुठे अडकलेत ते बघायला सांगितलं. मी बघितलं. उगाच बोट वरखाली फिरवत बसलो. सांगायचंच होतं.
सर्व्हरचं काम चालू आहे, म्हणालो. दोन दिवसांत येतील.
अक्का बरं म्हणाल्या. माझ्यासाठी चहा टाकला आणि फोन चार्जिंगला लावला.