एक इंचही मागे नाही

प्रिय धाकट्या,

तुझे फोन येतायत हे मला दिसतंय. मुद्दामच उचलत नाहीये. फोनवर मी जरा आवाज चढवला की तू "आई, तू आधी शांत हो" म्हणतोस, आणि ते ऐकलं की माझं डोकं आणखी फिरतं. म्हणून लिहायला बसले. सकाळी ताई येऊन गेली. गळका नळ दुरुस्त करून दिला, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाली, "कार्यक्रम छानच झाला की गं. बाबांचा एवढा मान झाला. तू कशाला धुमसत बसलीयेस?" तिला मी काही बोलले नाही. ती खाली खुर्चीत बसली होती. तू मंचावर होतास, तेव्हा तुला ऐकून घ्यावं लागेल.

बाबांच्या पुतळ्यापासून सुरू करते. नाक जमलंय. हनुवटी कुणा भलत्याचीच आहे. तुझ्या बाबांनी एवढी हनुवटी पुढे कधी काढली नव्हती, दाढी करतानासुद्धा नाही. खाली काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं, 'एक इंचही मागे नाही'. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची पाटी चुकून इथं लावली. मग भोंग्याचं भाषण सुरू झालं आणि कळलं, हे चुकून झालेलं नाही. तू त्यांना मोठे साहेब म्हणतोस, म्हणायलाच हवं, आज ते अख्ख्या विभागाचे प्रमुख आहेत. पण हे भोंगा नाव त्यांना बाबांनीच ठेवलेलं, कारण वरचे जे पुटपुटायचे ते हे खालच्यांना मोठ्या आवाजात ऐकवायचे. तर भोंगा म्हणाला, कर्नलसाहेबांनी ऐन थंडीत कड्यावरचं ठाणं लढवलं, दारूगोळा संपत आला तरी पाय रोवून उभे राहिले, माघार हा शब्द त्यांना माहीतच नव्हता. टाळ्या. मी बाजूच्या बाईंना विचारलं, हे कुणाबद्दल बोलतायत? त्यांना वाटलं, म्हातारीला दुःख अनावर झालंय. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

बाबांच्या पलटणीतली माणसं कुठं बसवली होती, बघितलंस ना? दोरीच्या पलीकडे, उन्हात. सगळी म्हातारी झालीत, तरी टोप्या नीट, छातीवर पदकं. त्यांतला लंगडा आचारी तुला आठवतच असेल, लहानपणी त्याच्या मांडीवरून तू खाली उतरायचा नाहीस. भोंग्याचं वाक्य संपलं आणि तो कुबडीवर भार देऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, त्यांनी आम्हाला खाली आणलं. आणलं म्हणून तर आम्ही आज इथं आहोत." बस, एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. लगेच एक कोवळा अधिकारी धावत आला, "चला आजोबा, पाणी घ्या थोडं" म्हणत त्याला कोपराला धरून तंबूच्या मागे घेऊन गेला. ज्या माणसाला तुझ्या बाबांनी पाठीवर घेऊन डोंगर उतरवला, त्याला त्यांच्याच कार्यक्रमातून बाहेर काढलं. आणि तू? तू मांडीवरच्या टोपीचं अस्तर बघत होतास.

त्यानंतर तू माइकपाशी गेलास. मला वाटलं, आता बोलेल. तू म्हणालास, "बाबांनी मला एकच गोष्ट शिकवली. मागे फिरायचं नाही." धाकट्या, कधी रे शिकवली? त्यांनी तुला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, शर्टाची कॉलर आधी इस्त्री करायची हे शिकवलं. हे कधी शिकवलं? मी त्या वेळी कुठं गेले होते?

पण तुला तो पुतळा का हवा होता, ते मला कळतं. तू तिसरीत असताना एका मुलानं तुला पळपुट्याचा पोरगा म्हटलं आणि तू त्याचं नाक फोडून घरी आलास. बाबा चपला घालून निघाले. त्या मुलाच्या घरी गेले, त्याच्या बापाची माफी मागितली आणि परत येऊन तुझ्या हाताला औषध लावलं. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. मला म्हणाले, "मुलांना यातलं काही सांगायचं नाही. मोठी होतील, त्यांची ती ठरवतील." ते होते तोवर मी त्यांचं ऐकलं. आता ते नाहीत, आणि ठरवायचं काम भोंग्यानं करून टाकलंय. तेव्हा आता माझ्याकडून ऐक.

त्या हिवाळ्यात मी तळावरच्या इस्पितळात नर्स होते आणि तू पोटात होतास. कड्यावरचं ठाणं एका रस्त्यावर नजर ठेवण्यासाठी होतं. शत्रूच्या गाड्या त्या रस्त्यानं येतील म्हणून पलटण वर बसवलेली. मग प्रचंड दरड कोसळली आणि तो रस्ताच गाडला गेला. राखायला काही उरलं नाही, पण तोफांचा मारा थांबला नव्हता. खालून रसद पोचत नव्हती. जखमी माणसं बर्फात पडून होती, बोटं काळी पडत होती. बाबांनी वायरलेसवर मुख्यालयाला विचारलं, "आता मी कशाची राखण करतोय?" पलीकडून उत्तर आलं, "शेवटच्या माणसापर्यंत ठाणं सोडायचं नाही, असा आदेश आहे." बाबांनी पुन्हा विचारलं, "ते कळलं. कशासाठी, ते सांगा." उत्तर तेच, फक्त जरा मोठ्या आवाजात. तो आवाज कुणाचा होता ते मी सांगायला नको. तेव्हा तो तरुण होता, उबदार खोलीत बसून वरिष्ठांचा निरोप पोचवत होता. बाबा त्याला म्हणाले, "मी माणसं खाली आणतोय. जबाबदारी माझी. तसं लिहून घ्या."

आणि आणली. धुकं दाट होतं तेवढ्यात निघाले. चालता येणाऱ्यांनी न चालणाऱ्यांना घेतलं. बाबा सगळ्यांत शेवटी, आचारी त्यांच्या पाठीवर. वाटेत वायरलेसवाला पोरगा गेला, त्याला गोळी लागली होती आणि तो शेवटपर्यंत कुणाला बोललाच नाही. दोघं वरच राहिले, ते आधीच गेलेले होते, त्यांना उचलायला हात उरले नव्हते. इस्पितळाच्या दारात ट्रक येऊन थांबले तेव्हा मी एकेकाचे बूट कापून काढत होते, मोज्यांबरोबर कातडी निघत होती, आणि प्रत्येक तोंडाकडे बघत होते की हे तेच आहेत का. ते सगळ्यांत शेवटी आत आले. मला ओळखलंच नाही त्यांनी. "सिस्टर, आधी ह्याच्या पायाचं बघा," म्हणाले. मी म्हटलं, "बघते, पण तुम्ही खाली बसा." आवाज ऐकून मग वर बघितलं.

चौकशी झाली. त्यांना विचारलं, आदेश मिळाला होता का? हो. समजला होता का? हो. तरीही मोडलात? हो. त्यांना दोषी धरायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण खाली आलेली अख्खी पलटण साक्ष द्यायला बाहेर ओसरीत उभी होती. पण शाबासकीही कुणी दिली नाही. पुन्हा कधी हातात पलटण दिली नाही. त्यांच्या मागून आलेले पुढे गेले, आणि छावणीतल्या बायका मला बघून विषय बदलायला लागल्या. जे वर राहिले होते त्यांच्या घरी बाबा स्वतः गेले. एका घरी म्हाताऱ्या बापानं त्यांना थोबाडीत मारली. माझ्या पोराला डोंगरावर टाकून तुम्ही आलात, म्हणाला. मी चिडले, तर मला म्हणाले, "त्याचा हक्क होता तो." नंतर दर वर्षी त्या घरी जायचे. पुढे पुढे तो म्हातारा त्यांची वाट बघायचा. हे भोंग्याच्या भाषणात होतं का? ज्या माणसाचा गौरव करायचा, त्यानं आयुष्यात केलेली सगळ्यांत अवघड गोष्ट तेवढी गाळायची आणि न केलेली दगडात कोरायची. ह्याला मान म्हणायचं?

पुढं वाटाघाटी झाल्या आणि तो कडा एका टेबलावर नकाशा पसरून शत्रूला देऊन टाकला. ती बातमी मी बाबांना वाचून दाखवली. मला वाटलं, आज तरी हा माणूस टेबलावर मूठ आपटेल. त्यांनी माझ्या हातातून पेपर घेतला, चुरगाळला आणि ओल्या बुटांत कोंबला. "सकाळपर्यंत वाळतील," म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्यांनी एकदा तरी ओरडायला हवं होतं. त्यांच्या वाटणीचं ओरडणं मलाच करावं लागतंय, ते अजून संपत नाहीये.

नोकरीची उरलेली सगळी वर्षं त्यांनी प्रशिक्षण केंद्रात काढली. लोकांना ती शिक्षा वाटायची. त्यांनी तेच आपलं काम करून टाकलं. नव्या अधिकाऱ्यांना नकाशा शिकवायचे. पहिल्या तासाला सगळ्यांना डोंगराच्या माथ्यावर पोचायची वाट आखायला सांगायचे, आणि पोरं हुशारी दाखवत रेघा ओढायची. मग विचारायचे, "उतरणार कुठून?" अर्धा वर्ग खोडरबर शोधायला लागायचा. पुढं त्यातलीच पोरं मोठ्या हुद्द्यांवर गेली, कुठून कुठून फोन करायची, साहेब, अमुक ठिकाणी सगळी माणसं सुखरूप उतरवली. त्या दिवशी बाबा एक पोळी जास्त खायचे. मला विचारशील तर त्यांची कारकीर्द ती. शेवटच्या आजारातही एक जण भेटायला आला होता, खाटेपाशी उभा राहून रडत होता, आणि बाबा त्याला विचारत होते, तुझ्या गुडघ्याचं आता कसं आहे.

आता मी हे आज का लिहितेय, ते सांगते. काल सूनबाईचा फोन आला. तू तिला शपथ घातली होतीस, तरी तिनं सांगितलं, आणि तिच्यावर चिडलास तर माझ्याशी गाठ आहे. तुझी पलटण पुढच्या महिन्यात वर जातेय. त्याच डोंगररांगेत. तुझी निवड भोंग्यानं स्वतः केली आणि तुला बोलावून म्हणाला, "तुमच्या रक्तातच माघार नाही." हे ऐकलं आणि मग मला ते सगळं भाषण कळलं. ते मेलेल्या माणसासाठी नव्हतंच रे. ते तुझ्यासाठी होतं. तो दगड बसवलाय तुला परतता येऊ नये म्हणून. तू जाऊ नकोस, असं मी म्हणणार नाही. तू ह्याच कामासाठी वाढलास, आणि तू चांगला अधिकारी आहेस, हे तुझे बाबा मला कितीदा तरी म्हणायचे. लढायची वेळ आली तर लढ. पण वर काही राखायला उरलं नाही आणि तुझी पोरं नुसतीच मरायला लागली, तर त्यांना खाली घेऊन ये. पुढं चौकशी होईल, बढती जाईल, तुझ्या पोराला शाळेत कुणी काही म्हणेल, ते आपण बघून घेऊ. त्या वेळी बाबांनी आदेश ऐकला असता तर तू पुतळ्याच्या मांडीवर वाढला असतास. आणि वायरलेसवर कुणी तुला तुझ्या बापाचं नाव घेऊन अडवायला लागलं, तर त्याला सांग, त्यांची बायको अजून जिवंत आहे, तिला विचारा. निघण्याआधी घरी येऊन जा. पायमोजे लोकरीचेच घे, आणि जास्तीचे घे.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
आई