दादाच्या वेळा

दि. ६ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वहिनीने बांधून दिलेला डबा गाडीतच संपवला, त्यामुळे घरी आल्यावर स्वयंपाकाला सुट्टी. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाऊल टाकलं, तर माझ्या टेबलाभोवती तिन्ही दंतवैद्य उभे. मी नसताना कुणीतरी एकाच खुर्चीसाठी दोन पेशंटांना एकच वेळ देऊन ठेवली होती. दोघंही गाल धरून एकमेकांकडे खुन्नसने बघत होते. माझी किंमत अशी अधूनमधून कळते लोकांना.

तुझ्या कामाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर कॅलेंडर बसवून दिलंय, ते वापर. नुसतं लांबून कौतुक करू नकोस. इतकी वर्षं गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि वेळ झाली की तुला खोलीतून हाकलायचं हे काम वहिनीने केलं. आता ती वाचनालयात नोकरीला लागली, दिवसभर घरी नसणार. म्हणून पुन्हा सांगते. ज्या दिवशी पियानो लावायला जायचं, त्या दिवसाच्या चौकोनावर माउसने दोनदा टिचकी मार. खिडकी उघडेल. त्यात कुणाकडे, कुठे, किती वाजता जायचं आणि साधारण कधी सुटशील ते लिही. सभागृहाचा पियानो तू दर महिन्याला लावतोस, तो एकदाच लिहून ‘दर महिन्याला’ निवड, पुढचं ते आपोआप मांडतं. निघायच्या तासभर आधी घंटी वाजेल. हातातलं काम सोडवत नसेल तर ‘पुन्हा आठवण कर’ दाबायची सोय आहे, पण तुझा स्वभाव बघता ते बटण जपूनच वापरलेलं बरं.

तुझं कॅलेंडर मला इथून माझ्या कॉम्प्युटरवर दिसतं, हे विसरू नकोस. हे सगळं फोनवरच सांगणार होते, पण तू दोन मिनिटांत बरं बरं, पत्र लिही म्हणतोस आणि ठेवून देतोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
चिमणी

दि. २१ जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. कॅलेंडर वापरतोय. पहिले काही दिवस तर हौसेने सगळा महिना भरून टाकला, रंगसुद्धा दिले. घरगुती पियानो हिरवे, शाळा निळ्या, सभागृह तांबडं. वहिनीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, की इतकी टापटीप तुमच्या कपाटात कधी दिसली नाही.

पण बाई, तुझं हे यंत्र मुकं आहे. लिहिलेलं दिसतं, वाजत काही नाही. मंगळवारी मुलींच्या शाळेत जायचं होतं. मी पियानोच्या हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे लोकरीची गादी, घासत बसलो होतो, कॉम्प्युटर हाताच्या अंतरावर. मान वर केली तेव्हा वेळ टळून गेली होती. धावत गेलो, तर हॉलला कुलूप. मुख्याध्यापिका नुसता चष्मा काढून पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्यांनी नदीपलीकडच्या बाईंकडून पियानो लावून घेतला. आपल्या गावात हे काम करणारी माणसं दोनच, त्या आणि मी. सभागृहाचं काम मला मिळालं तेव्हापासून आमची बोलचाल नाही. रस्त्यात समोर आल्या तर त्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात. त्यांच्या हाती शाळा आयती गेली, याचं मला किती लागलं असेल ते तूच समज.

स्पीकर नवा आणला. आवाज पूर्ण वर केला. तरी ढिम्म. तुझी वहिनी मात्र सुट्टीच्या दिवशी मधूनच स्वयंपाकघरातून तणतणत येते, काहीतरी दाबते आणि डोकं उठलं म्हणत परत जाते. तिच्या दाबादाबीनेच तर बिघडलं नाही ना? काय ते सवडीने कळव.

लोभ करतेसच, त्यात खाडा नको.

तुझा,
दादा

दि. २७ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र घरी न पाठवता वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवते आहे, यावरून काय ते ओळखशीलच. नव्या नोकरीत पुस्तकं लावतेस की वाचतच बसतेस? तुझ्या साहेबांना म्हणावं, हिला कथांच्या कपाटापासून लांब ठेवा.

दादाचं पत्र आलं. कॅलेंडर वाजत नाही म्हणतो. मी इथे माझ्या टेबलावर तीच घंटी लावून बघितली. बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांनी माना वर केल्या, एक लहान मूल तर भोकाड पसरून रडायला लागलं. मग नवा स्पीकर, पूर्ण आवाज, तरी दादाला काहीच कसं कळत नाही? तू येऊन काय दाबतेस?

मला भलतीसलती शंका येते आहे. मी तिथे होते तेव्हा माझं प्रत्येक बोलणं तो दुसऱ्यांदा विचारायचा. मला वाटलं, लक्ष नाही. फोन ठेवून देतो तेव्हा वाटायचं, कंटाळला माझ्या चिवचिवाटाला. वहिनी, खरं काय ते सांग. माझ्यापासून लपवू नकोस.

माझ्यावर जीव आहे तसाच असू दे.

तुझी,
चिमणी

दि. ४ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत घरी आणला. तू ओळखलंस, बरंच झालं. एकटीने पोटात ठेवून मी थकले होते.

घंटी वाजते, चांगली कर्कश वाजते. शेजारचा कुत्रा भुंकतो. ह्यांना ऐकू येत नाही. जाडा आवाज येतो, माझं बोलणं येतं, रस्त्यावरचा ट्रक येतो. बारीक, उंच आवाज तेवढे गेले. दारावरची बेल गेली, किटलीची शिट्टी गेली. मी दिवसभर घरी असायचे तेव्हा दाराशी जाऊन उभी राहायचे, निघायची वेळ झाली म्हणायचे, म्हणून कुणाला कळलं नाही. त्यांनाही नाही. तुझा आवाज आधीच बारीक, त्यात फोन. दोन वाक्यं कळतात, तिसऱ्याला हे नुसतं हो म्हणतात आणि ठेवून देतात. कंटाळा कुठला गं? तुझं पत्र आलं, की खुर्ची खिडकीपाशी ओढतात आणि मला मोठ्याने वाचून दाखवतात. दवाखान्यातल्या गमतींवर स्वतःच आधी हसतात.

पियानो लावणाऱ्या माणसाला तुमचे कान गेले हे मी कोणत्या तोंडाने सांगू? दोनदा तोंड उघडलं आणि भलतंच काहीतरी विचारून मिटलं. पण आता वाटतं, त्यांनाच कळून चुकलंय. परवा मी वाचनालयातून आले, तर हे खोलीतल्या जुन्या पियानोला गाल टेकवून बसले होते आणि उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्या एकेक करून दाबत होते. मला बघून उठले आणि म्हणाले, लाकडाला वाळवी आहे का ते बघत होतो.

तू लिही त्यांना. तुझं ऐकतील असं नाही, पण तुझं वाचतात.

जीव लावतेसच, आता थोडी अक्कलही लाव आणि मार्ग काढ.

तुझी,
वहिनी

दि. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आडपडदा न ठेवता लिहिते, रागावलास तरी चालेल. कॅलेंडर बिघडलेलं नाही. घंटी वाजते आणि ती तुला ऐकू येत नाही. वहिनीवर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं म्हणून ती बोलली.

आमच्या दवाखान्यात माणसं सहा सहा महिने दात दुखतोय हे स्वतःशीसुद्धा कबूल करत नाहीत. दुसऱ्या बाजूने चावतात आणि सगळं ठीक आहे म्हणतात. मी फोनवर त्यांना वेळ देते, तेव्हा निम्म्यांचा आवाज कापत असतो. ती भीती मी रोज ऐकते, म्हणून तुझी कळते. आणि तुझ्या बाबतीत तर प्रश्न कानाचाच, म्हणजे साऱ्या आयुष्याचाच.

तुझ्या कॅलेंडरात इथे बसून मला लिहिता येतं. कानाच्या डॉक्टरांची वेळ ठरवून तिथे टाकणं मला एका टिचकीचं काम होतं. बोट माउसवर ठेवून बसलेही होते. पण लिहिलं नाही. ती वेळ तुझी तू ठरवायची.

रागाच्या खालीही माया असते, ती माझ्यासाठी ठेव.

तुझी,
चिमणी

दि. १६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

कान माझे आहेत. ते कसे आहेत हे मला पेशंटांच्या दाढा मोजणाऱ्या बहिणीने सांगायची गरज नाही. तू जन्मायच्या आधीपासून मी तारा जुळवतोय. कॅलेंडर तुला दिसायचं मी बंद केलं आहे. कसं करायचं ते मदतीच्या पानावर वाचून केलं, कुणाला विचारावं लागलं नाही.

वहिनी बरी आहे.

दादा

दि. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन ओळीच लिहिते. आज सकाळी दवाखाना उघडून कॉम्प्युटर लावला, तर तुझं कॅलेंडर पुन्हा माझ्याकडे दिसायला लागलं होतं. हिरवं, निळं, तांबडं, सगळं. गुरुवारच्या चौकोनात अकरा वाजता काळ्या अक्षरांत नुसतं ‘कान’ लिहिलं होतं. समोर एक आजोबा कवळीची तक्रार सांगत होते. मी त्यांना म्हटलं, एक मिनिट थांबा हो, आणि आत जाऊन तोंड धुऊन आले.

काही विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा लिही.

तुझी,
चिमणी

दि. २४ मार्च

चि. चिमणीस,
अनेकानेक आशीर्वाद.

त्या पत्रात नको ते लिहिलं. पाठवल्यावर वहिनीला काय लिहिलं ते सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी पुस्तकांच्या भाषेत बोलली, म्हणजे जेवण तयार आहे, आपण यावे, असं. तेव्हा समजलो.

तपासणीचं सांगतो. काचेच्या एका खोलीत बसवलं, कानांवर मोठाले हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला जाडे आवाज आले, दाबले. मग सगळं शांत झालं. बराच वेळ शांतच. मला वाटलं, पुढचा भाग सुरू व्हायचाय. काचेपलीकडे बघितलं, तर तपासणाऱ्या मुलीचा हात यंत्रावर सारखा फिरत होता. ती आवाज देत होती गं, एकामागून एक देत होती. मी बटण हातात धरून नुसता बसलो होतो. तेव्हा मला जे वाटलं ते लिहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, की गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकवता येईल. कानात घालायचं यंत्र दिलं आहे. बोलणं छान कळतं, पण पियानो त्यातून पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, म्हणून काम करताना काढून ठेवतो. मधली सप्तकं अजून माझी आहेत. वरची दोन गेली.

मग मी नदीपलीकडे गेलो. होय, त्यांच्याकडेच. आधी फोन करून वेळ मागितली आणि कॅलेंडरात लिहिली, नाहीतर दारातून परत फिरलो असतो. बाईंनी दार उघडलं, पाच पावलं मागे सरकल्या आणि बसा म्हणाल्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की वरच्या सुरांत मला ऐकू येत नाही, सभागृहाचं काम आता तुम्ही घ्या. त्या म्हणाल्या, की शाळेचा पियानो लावताना वरच्या सुरांपाशी थबकले, तिथे तुमचा हात ओळखू येईना, तेव्हाच समजले. मी विचारलं, कुणाला बोलला नाहीत? तर माझ्याकडे असं बघितलं, की प्रश्न विचारल्याची लाज वाटली.

आणि मग त्यांनी उजवं मनगट पुढे केलं. पट्टा बांधलेला. तारांच्या खुंट्या पिळून पिळून गेलंय. आता अर्धा पियानो झाला की हात उचलत नाही, म्हणून त्यांनीही गिऱ्हाइकं परत पाठवायला सुरुवात केली होती. इतकी वर्षं एकमेकांच्या वाटेत उभे होतो, आणि दोघांचं मिळून एकच धड माणूस होतं.

सभागृहाच्या व्यवस्थापकाला मीच जाऊन खरं सांगितलं. तो म्हणाला, पियानो बरोबर लागल्याशी मतलब, कोण लावतं ते तुम्ही बघा. शनिवारी आम्ही दोघांनी मिळून लावला. खालचं आणि मधलं सगळं मी. वर गेलो की खुंट्या पिळायची किल्ली माझ्या हातात आणि कान त्यांचे. त्या मागे उभ्या राहून जरा वर, आणखी जरा, बस् म्हणायच्या, आणि त्यांनी बस् म्हटल्यावर मी थांबायचो. आपल्या हाताने लावलेला सूर दुसऱ्याच्या शब्दावर सोडायचा, हे पहिल्या दोन तारांना फार जड गेलं. नंतर इतकं नाही. संध्याकाळी वाजवणाऱ्या मुलीने कार्यक्रमाआधी सगळ्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली आणि आम्हा दोघांकडे बघून मान हलवली. बाई मला म्हणाल्या, की पुढच्या महिन्यात अर्धा तास आधी या, खालच्या दोन तारा तुम्ही घाईत उरकल्यात. उरकल्या होत्याच.

आमची कामं आता कॅलेंडरात जांभळ्या रंगात आहेत, त्यांच्याही कॉम्प्युटरवर दिसतील अशी सोय करून दिली. मी करून दिली, बरं का. आता एप्रिलचा दुसरा आठवडा उघडून बघ. त्यात हिरवं, निळं, जांभळं काही नाही. सोमवारपासून रविवारपर्यंत एकच लांब पट्टी ओढली आहे आणि तिच्यावर तुझं नाव लिहिलंय. बाईंनी विचारलं, हे कोणतं गिऱ्हाईक आठवडाभर चालणारं? दवाखान्यात रजेचा अर्ज टाक आणि गाडी कधी पोचते ते कळव.

लोभाचं इथे लिहीत नाही. आलीस की समोरच बघून घेऊ.

तुझा,
दादा